धुराचा माग आणि नांदुऱ्याची हळद

तुम्ही दोघं परदेशातून फोनवर विचारता, "आजी, आमच्याकडे आज आभाळ पिवळं आहे हे तुला आमच्या आधी कसं कळतं?" उत्तर फोनवर मावण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ज्या उन्हाळ्यात तुमच्या शहराच्या पलीकडची जंगलं पेटली, त्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. तुम्हाला मैदानावर जायला बंदी होती. तुमच्या आईनं खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले होते. धाकट्यानं सूर्याचं चित्र काढून पाठवलं होतं, ते गुलाबी. मी रोज तेच ते प्रश्न विचारून तुमच्या बाबाला भंडावून सोडलं, तेव्हा त्यानं उपग्रहाची चित्रं दाखवणाऱ्या एका पानाचा पत्ता पाठवला आणि म्हणाला, "आई, आता तूच बघत जा." माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यातच झाली, त्यामुळे सूचना वाचायची भीती नव्हती. राहिलेलं थोरलीनं समजावलं. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना एरोसोल म्हणतात. धूरही त्यातच येतो आणि धूळही. त्यांचा एक वेगळा थर चित्रावर पसरता येतो, विरळ असेल तिथे पिवळा आणि दाट असेल तिथे तांबूस. जिथे आग आहे तिथे लाल ठिपका.

मी एक वही केली. तारीख, वेळ, धूर कुठून कुठे, रंग, शेरा. दुपारी चारच्या चहाला तुमच्याकडचं आदल्या दिवसाचं चित्र पूर्ण झालेलं असे. तुम्ही तेव्हा गाढ झोपेत असायचात आणि मी चिखलीत ओसरीवर बसून तुमच्या छपरांवरून जायचे.

वरून पाहायची सवय होईपर्यंत काही दिवस गेले. मग मात्र वेळ कसा जाई ते कळत नसे. जंगलातून निघताना धूर दोऱ्यासारखा बारीक असतो. दुसऱ्या दिवशी तो पिंजलेल्या कापसासारखा सुटतो. तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून सपाट मुलखावर येतो आणि तिथे आल्यावर त्याची घाई संपते. नद्या, तळी, गव्हाचे चौकोन, सगळं त्याच्याखालून अंधुक दिसत राहतं, जसं गढूळ पाण्याखाली तळातलं भांडं दिसावं. एकदा मी एक ढग सात दिवस धरून ठेवला. तो शेवटी समुद्रावर गेला, लांब झाला, पातळ झाला आणि आठव्या दिवशी कुठेच नव्हता. त्यात किती झाडं होती, कोण जाणे. चहा थंड झाला होता आणि मी कुठे आहे हे आठवायला मला क्षणभर वेळ लागला.

पुढे तुमच्याकडे बर्फ पडलं, आगी विझल्या, तुम्ही शाळेत जाऊ लागलात. माझी सवय काही गेली नाही. मी चित्र सरकवत आपल्या जिल्ह्यावर आणलं. आधी लोणारचं सरोवर सापडलं, हिरवट टिकलीएवढं. तिथून बोटानं वर सरकत वाटेतलं बीबी, मग चिखली. दोन्ही गावं म्हणजे नुसते करडे डाग, सांगितल्याशिवाय कळू नयेत असे. चिखलीच्या वर डोंगराची एक सुरकुती, तिच्याखाली पूर्णेचं सखल खोरं, त्यात नांदुरा, आणि सगळ्यांच्या वर सातपुडा. इतकी वर्षं ज्या रस्त्यांनी एसटीत उभं राहून प्रवास केला, ते रस्ते मला दिसेनात. नुसता रंग दिसे. हिवाळ्यात हिरवा, मग तांबूस, मग चैत्रात फिका, धुतलेल्या लुगड्यासारखा.

आपल्या घरात आता आम्ही दोघीच आहोत, मी आणि माझी मोठी जाऊ, म्हणजे तुमची मोठी आजी. मी त्यांना मोठ्या बाई म्हणते. त्या मला, मी लग्न होऊन आल्यापासून, मास्तरीण म्हणतात, मी मास्तरीण होण्याच्याही आधीपासून, कारण मी पुस्तक घेऊन सासरी आले होते. एकदा मी त्यांना टॅबलेटवर जिल्हा दाखवला.

"हे काय व?"

"हा आपला जिल्हा. वरून असा दिसतो."

"अन् मानसं कुठी गेले?"

"एवढ्या वरून माणसं नाही दिसत, मोठ्या बाई."

"मंग काय कामाचं," म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

मोठ्या बाईंना दम्याचा त्रास आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी एका लग्नात मांडवाच्या मागे भट्ट्यांचा धूर झाला आणि त्यांना तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी तेव्हापासून बजावलं आहे, की हवा स्वच्छ असेल तरच बाहेर पडा, धुरात पाऊल टाकू नका. म्हणून त्या कुठे जात नाहीत. त्यांचं माहेर नांदुऱ्याचं, पण तिथंही वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं.

चैत्रात त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला मुलीची आई स्वतः आली. पत्रिका देवापुढे ठेवली, चहा झाला, आणि उठता उठता ती म्हणाली, "आत्याबाई, एक सांगाचं राह्यलं. पोरगी म्हनते, मले पहिली हळद आत्याआजीनंच लावाची."

मोठ्या बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. आपल्याकडे हळद सवाष्णी लावतात. मोठ्या बाईंचे यजमान, म्हणजे तुमचे मोठे आजोबा, गेल्यापासून त्यांना कोणी हळदीच्या पाटाजवळ बोलावलं नव्हतं. त्याही गेल्या नव्हत्या. लग्नघरात त्या भाजीच्या परातीशी बसायच्या.

"तिले समजत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "लोकं काय म्हनतीन?"

"तिले सगळं समजते, आत्याबाई. तिनं आपल्या सासूलेबी इचारलं. तुमी नाही आल्या तं हळद लावूनच घेत नाही म्हनते."

ती गेल्यावर मोठ्या बाईंनी कपबश्या गोळा केल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मास्तरीन, तुह्या त्या पाटीत पाह्य. मले येवढंच सांग, त्या दिवशी मले जाता येईन का नाही."

टॅबलेटला त्या पाटी म्हणतात. अशा रीतीनं माझ्या करमणुकीचं काम झालं.

पंधरा दिवस हातात होते. मी वहीत नवीन पान उघडलं. चैत्रात आपल्याकडे उन्हाबरोबर आगी वाढतात. सातपुड्यात मोह गळतो, फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तो पाला कधी कधी झाडाखाली राहत नाही. अलीकडच्या डोंगरातल्या बोथ्याच्या जंगलातही ठिपके दिसत. दुपारच्या चित्रात धूर उठलेला असे, आणि दुसऱ्या दिवशी तोच पूर्णेच्या खोऱ्यावर पसरलेला. निळसर, दुधासारखा, काठ नसलेला. मी मोठ्या बाईंना रोज हिशेब सांगायचे, आज सातपुड्यात अकरा, बोथ्यात दोन. शेऱ्याच्या रकान्यात मी "लोकांचा निष्काळजीपणा" असंही लिहून ठेवलं होतं, खाली रेघ मारून.

थोरलीला आठवत असेल, तिला मी फोनवर विचारलं होतं की धूर पिवळा दिसतो म्हणजे नांदुऱ्यात श्वास घेण्यासारखी हवा आहे की नाही. ती म्हणाली, "आजी, उपग्रह वरून पाहतो. धूर डोक्यावरून दोन मैल उंच गेला तरी त्याला तो तेवढाच दिसतो. नाकापाशी काय आहे ते खालच्या माणसाला विचारावं लागतं."

मग आम्ही खालचं माणूस शोधलं, म्हणजे मुलीची आई. नांदुऱ्यात त्यांच्या गच्चीवरून पाण्याची उंच टाकी दिसते. रोज सकाळी सातला मोठ्या बाई फोन लावायच्या आणि तो मोठ्या आवाजात ठेवायच्या, म्हणजे मला लिहिता येई.

"टाकी दिसते का?"

"दिसते, आत्याबाई."

"तिची शिडी?"

"शिडी नाही दिसत."

"काल दिसली होती?"

"काल पाह्यलीच नाही. काल पापड होते."

"मंग दहाले पुन्हा पाह्यजो."

"आत्याबाई, आमच्या घरी लगन हाय का हवामान खातं?" पण ती दहालाही गच्चीवर जायची. आठवडाभरात एक गोष्ट स्पष्ट झाली. सकाळी शिडी दिसत नसे, दहा वाजता दिसे. खोरं सखल आहे. थंड हवेत धूर तिथे रात्रभर बसून राहतो आणि ऊन चढलं की वर उठतो. आम्ही हळद अकराला ठेवायला सांगितलं आणि आठला निघायचं ठरवलं. मोठ्या बाईंनी कपाटातून मोरपंखी काठाचं पातळ काढून उन्हात घातलं. ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

हळदीला चार दिवस राहिले असताना त्या सकाळी उठल्या त्या खोकतच. दोनदा दम्याचा पंप घ्यावा लागला. ओसरीवर बारीक जळका वास होता आणि ऊन तांबूस पडलं होतं. मी चित्र उघडायची वाट पाहत दुपारपर्यंत बसले. सातपुडा त्या दिवशी स्वच्छ होता. बोथ्यात काही नव्हतं. ठिपके होते ते चिखलीच्या दक्षिणेला, सहा-सात, एकमेकांना चिकटून. चित्र जवळ आणलं. पैनगंगेचं वळण, त्याच्या कडेला पाझर तलावाचा काळा डाग. ते आपलंच शिवार होतं.

एका ठिपक्यात दोन-चार शेतं सहज मावतात, त्यामुळे मी लगेच शेजाऱ्यांना दोषी धरलं आणि तक्रार करायला फोन लावला. आपलं शेत बरीच वर्षं एक गृहस्थ निम्म्या वाट्यानं करतात. त्यांनी उचलला.

"आपल्या शिवारात कोणी पेटवलं हो?" मी विचारलं.

"कोनी म्हंजे? आपनच, बाई."

"आपण?"

"तुमीच तं सांगतलं होतं. पाडव्याले यादी वाचून नाही का दाखवली? तीन नंबर, धुरे जाळनं."

शेताच्या बांधाला आपल्याकडे धुरा म्हणतात. पेरणीच्या आधी धुऱ्यावरचं गवत, काड्या, पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीचे खुंट पेटवून देतात, म्हणजे शेत मोकळं होतं. माझे सासरे तोंडी सांगायचे. मी सगळं नीट एकाखाली एक लिहून, आकडे घालून, दर पाडव्याला वाचून दाखवते. ते वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलं होतं की त्यात आग आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते मला झाडलोटीसारखं वाटे.

"आपले पेटलेले पाहून बाकीच्यायनंबी पेटवून घेतले," ते सांगत होते. "वारं चांगलं होतं. अर्धे राह्यले, ते उद्या-परवा करून टाकतो."

"थांबा," मी म्हणाले. "काडी लावू नका. मी येते."

मोठ्या बाईंना सांगणं भाग होतं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे इतके दिवस तू सातपुड्याच्या लोकायले शिव्या देऊन राह्यली, अन् आग आपलीच?"

"हो."

"आग लावून देली अन् वरून पाहाले दुर्बीन घेऊन बसली." त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला आणि हसू कुठे संपलं ते कळलं नाही. मी पाठ चोळत राहिले. मला खूप शरम वाटत होती. दम सापडल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तरीन, मले आता नाही जमत वाटते. तिले फोन करून सांग, दुसऱ्या कोनाकडून लावून घे म्हना." पातळ दोरीवरून काढून त्यांनी उशाशी घडी करून ठेवलं होतं.

मी फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवारात गेले. जळून गेलेले धुरे काळ्या रेघांसारखे पडले होते आणि कुठे कुठे खुंटातून अजून बारीक धूर सरळ वर जात होता, अगदी सावकाश, जणू त्याला पुढे कुठे जायचं आहे हे ठरायचं होतं. धुराचा माग काढताना मी तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. बाभळीखाली आजूबाजूचे पाच-सहा शेतकरी जमले. मी त्यांना टॅबलेट दाखवला.

"येवढ्या वरून फोटो निघते?" एक म्हातारे म्हणाले. "मंग माहा बैल दाखवा."

"बैल नाही दिसत."

"आग कशी दिसते मंग?"

"आग गरम असते, ती त्याला कळते."

"बैलबी गरमच असते, बाई. येऊन हात लावून पाहा."

सगळे हसले, मीही हसले. लग्न होईपर्यंत थांबा, असं मी सांगितलं. वारं पुन्हा असं मिळेल का, पाऊस लवकर आला तर, असं सुरू झालं. ते खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात आपलं शेत करणारे गृहस्थ म्हणाले, "मोठ्या बाईले नांदुऱ्याले हळद लावाले जाचं हाय. पहिली हळद. धुरानं त्यायचा दम बंद होते."

टॅबलेटवरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"पहिली?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"हाव. नवरीच अडून बसली."

"मंग तसं सांगा न, बाई," ते मला म्हणाले. "काऊन पाटी दाखवून राह्यल्या मघापासून? हळद झाली का निरोप धाडजा. तवापर्यंत नाही पेटवत." दुपारपर्यंत त्यांनी धुमसणाऱ्या खुंटांवर मातीही ओढून घेतली.

पुढचे दोन दिवस ऊन हळूहळू पांढरं होत गेलं. मोठ्या बाईंचा खोकला कमी झाला, पण जाण्याचं त्या बोलत नव्हत्या आणि मीही विचारत नव्हते. हळदीच्या सकाळी सहाला मी चित्र उघडलं. आदल्या दुपारचं होतं आणि त्यात आपला जिल्हाच नव्हता. तो उपग्रह पृथ्वीचं चित्र पट्ट्यापट्ट्यांनी काढतो आणि आपल्या बाजूला दोन पट्ट्यांच्या मधे काळी फट राहते. दर काही दिवसांनी आपण त्या फटीत पडतो. लोणारपासून नांदुऱ्यापर्यंत सगळा काळोख होता. नांदुऱ्याला फोन लावला तर लग्नघरात कोणी उचलेना.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. अंगावर मोरपंखी काठाचं पातळ.

"काय म्हनते पाटी?"

"काहीच नाही. आज आपला जिल्हा तिच्यात आलेला नाही. उपग्रह बाजूनं निघून गेला."

"म्हंजे आपल्याले आज कोनी पाहून नाही राह्यलं?"

"नाही."

"मंग चाल, निघू."

माझ्या एका भाच्यानं गाडी आणली होती. खामगावच्या रस्त्यानं घाट उतरताना खाली खोरं होतं, पण त्याला तळ नव्हता. पांढरट, काठ नसलेलं काहीतरी तिथे पसरून होतं आणि झाडांचे शेंडे त्यातून वर आले होते. वरून पाहताना जे मला रंग म्हणून माहीत होतं, त्यात आम्ही गाडीच्या काचा लावून हळूहळू उतरत होतो. मोठ्या बाईंनी पदर नाकाला धरला होता आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. गावं येत आणि विरत. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेनं कापसाची रिकामी गाडी चालली होती, तिचे बैल आधी दिसले आणि मग गाडीवान. मला वाटलं, आपण असेच जात राहणार. मग ऊन लागलं, समोरचं पातळ होत गेलं आणि नांदुरा आला तेव्हा टाकी दिसली, शिडीसकट.

मांडवात नवरी पाटावर बसली होती. बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. एक बाई मला ऐकू येईल अशी म्हणाली, "रीत तं पाहा काय चालू हाय." नवरीनं मान वर केली आणि म्हणाली, "आत्याआजी, या न. पाय दुखून राह्यले माहे."

मोठ्या बाई पुढे झाल्या. वाटीत बोटं बुडवली. उजव्या गालाला हळद लावली आणि तिथेच त्यांना खोकला आला. दोन-तीन बायका उठल्या, कोणी खुर्ची पुढे केली, मी पिशवीतून पंप काढला आणि त्यांचा दंड धरून त्यांना आत न्यायला लागले.

त्यांनी माझा हात बाजूला केला. श्वास येईपर्यंत डोळे मिटून उभ्या राहिल्या. हळदीची बोटं तशीच वर धरलेली होती.

"थांब व," म्हणाल्या. "अजून दुसरा गाल राह्यला."